मोतद्दारबाबाचा तंग

मोमिनाबाद, श्रावण वद्य पंचमी, शके १८३८

कैलासवासी बंकटराव यांस,

तुमचं पत्र पोचलं. मेलेल्या माणसाच्या पत्राला उत्तर लिहिताना वर साष्टांग नमस्कार लिहायचा की नुसतं फूल वाहायचं, हे पादरीणबाईंनी आम्हा बायांना अक्षरं शिकवताना सांगितलं नव्हतं. म्हणून दोन्ही गाळलं.

तुम्हाला वाचता येत नाही. तेव्हा पुण्याच्या लष्करातल्या त्या तबेल्यात कोणीतरी दादा हे तुम्हाला वाचून दाखवत असणार. दादा, तुम्हाला माझा रामराम. यातलं एक अक्षर गाळू नका. आसपास बाकीचे मोतद्दार, टांगेवाले बसले असतील तर आवाज जरा चढवा. घोड्यांनी ऐकलं तरी चालेल, घोड्यांचा या गोष्टीत मोठा वाटा आहे.

तर बंकटराव, तुम्ही लिहिता, 'मी जित्ता हाय. दिवाळीला येतो. दार उघडं ठेव.' चौदा वर्षांनी दार आठवलं, बरं झालं. पण येणार कसे? तुम्ही तर गेलात. बारा वर्षं तुमची खबर नाही म्हणून दोन सालांमागे भावकी बसली, आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून तुम्हाला रीतसर जाळलं. डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. भटजी म्हणाले, हाच बंकट समजा. मला समजायला जड गेलं नाही, तुमच्याही डोक्यात पाणीच खुळखुळायचं.

तेरावं झालं आणि पुढच्या महिन्यात तुमचा धाकटा भाऊ मुंजाजी यांच्याशी माझा पाट लागला. त्यांचं नाव मी बोलताना घेत नाही, लिहिताना घ्यावं लागतं. तुमचं आता दोन्ही वेळा घेता येतं. आम्हाला मुलगा आहे, सटवा, नुकता चालायला लागलाय. तुम्ही जिवंत निघालात तर मी कोणाची आणि सटवा कोणाचा, याचा निवाडा भावकी कसा करेल ते तुम्ही जाणता. म्हणून तुम्ही जिवंत निघू नये.

तुम्ही पळालात त्याच्या दुसऱ्याच साली घोडेस्वारांचा रिसाला इथून कायमचा उठला. छावणी ओस पडली. बराकींची कौलं लोकांनी नेली, दारं नेली, चौकटी नेल्या. उरलं ते गोऱ्यांचं कबरस्तान आणि त्याची चौकीदारी करणारं तुमचं घर. हैदराबादेहून साहेबलोकांचा हुकूम आहे की भिंत पडू द्यायची नाही, गवत वाढू द्यायचं नाही. भिंत आणि गवत आम्ही सांभाळलं. दगडांतली शिशाची अक्षरं मात्र राखता आली नाहीत. गुराख्यांनी ती उकरून काढली आणि मासे धरायच्या जाळ्यांना वजन म्हणून लावली. अर्ध्या साहेबांना आता नाव नाही, आणि नदीतल्या माशांना इंग्रजी येतं.

ज्याचा घोडा तुम्ही मोतद्दार म्हणून सांभाळत होतात, त्या कप्तानाचं नाव तेवढं टिकलं, दगडावर नाही, लोकांच्या तोंडात. होलोवे कुणाला म्हणता येईना, म्हणून तो जिवंतपणी हलवाई साहेब होता, मेल्यावर हलवाईबाबा झाला. आता हलवाई म्हटल्यावर त्याला गोड लागणार, हे उघडच आहे. दर गुरुवारी बाया बत्तासे आणि रेवड्या घेऊन येतात. जन्मभर दारू आणि डुकराचं मांस यांवर पोसलेल्या माणसाला आता रेवड्यांवर दिवस काढावे लागतात.

त्याच्या पायथ्याशी एक छोटा ओटा आहे. तो तुमचा. तुम्ही नाहीसे झालात त्या संध्याकाळी साहेबाच्या ताज्या मातीवर तुमचं पागोटं आणि घोड्याचा खरारा पडलेला सापडला. माफी मागायला गेला होतात की काय, देव जाणे. तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, तिथेच बसून ओरडल्या, "माझा बंकट साहेबासंगं गेला! भुईनं पोटात घेतला त्याला!" तेव्हापासून तुम्ही मोतद्दारबाबा. तुम्हाला भिजवलेले हरभरे आणि हिरवं गवत चढतं. मागच्या साली हैदराबादेहून तपासणीला गोरा आला होता. हा ओटा कोणाचा म्हणून त्याने विचारलं. मुन्शी म्हणाला, "हुजूर, बडा वफादार नौकर था." गोऱ्याने तुमच्यापुढे टोपी काढली. मला इतकं हसू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला.

शेवटी तुम्ही विचारलंत, मी गेलो तेव्हा तुझ्या पोटात होतं त्याचं काय झालं. उत्तरेच्या भिंतीशी गोऱ्यांच्या लेकरांची ओळ आहे, पटकीच्या सालातली. त्या ओळीच्या टोकाला एक लहान दगड आहे, बिननावाचा. याहून जास्त मला लिहवत नाही.

येऊ नका.

तुमच्या धाकट्या भावाची बायको,
केसर

मोमिनाबाद, आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८३८

कैलासवासी बंकटराव यांस,

तुम्ही फार रडलात असं वाचणाऱ्या दादांनी पत्राच्या खाली आपल्या मनाने लिहिलं आहे. दादा, तुम्ही मऊ मनाचे दिसता. या रडण्याला फसू नका. शिंदी पोटात गेली की हा माणूस घोड्याच्या शेपटीचा केस तुटला तरी रडायचा.

बंकटराव, तुम्ही म्हणता, लेकराच्या दगडावर एकदा हात ठेवतो आणि उलट्या पावली जातो. तो हात कसला आहे ते तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही.

गाव म्हणतं तुम्ही इमानी. त्या दिवशी सकाळी तुम्ही शिंदीच्या दुकानावरून झुलत आलात ते मी पाहिलं होतं. घोड्यावर खोगीर टाकलंत आणि पोटाखालचा तंग आवळायचा विसरलात. मैदानात घोडा उधळला, खोगीर फिरलं आणि साहेबाची मान मोडली. मामंजी कबरस्तानचे चौकीदार, म्हणून खड्डा त्यांनीच खणला. बंदुका झडल्या, गोरे परतले आणि मग दफेदार तुम्हाला शोधत आमच्या दारी आला. तुम्ही नव्हतात. त्याने मामंजींच्याच फावड्याचा दांडा उपसला आणि त्यांच्या पाठीवर मोडला. "बोल बे बुढ्ढे, पोरगा कुठं हाय?"

"साहेबासंगं गेला," म्हातारा म्हणाला. दर फटक्याला तेच. त्यांना पक्कं ठाऊक होतं की तुम्ही जिवंत आहात आणि बार्शीच्या वाटेला लागला आहात. पण आत्याबाई जे बडबडत होत्या तेच त्यांनी धरून ठेवलं आणि तुम्हाला वाचवलं. एवढा मार खाऊन कोणी खोटं बोलेल असं दफेदाराला वाटलं नाही, गावालाही वाटलं नाही. अशी तुमच्या देवपणाची सुरुवात झाली. मामंजींना पुढचा पावसाळा दिसला नाही. त्यांना जाळून आलो तेव्हा तुम्ही कुठे होतात? कोणत्या तबेल्यात कोणाच्या घोड्याला खरारा करत होतात?

आता तुमच्या ओट्यावरच्या मेखेचं ऐका. घोडा बांधायची तुमचीच मेख, मामंजींनी ओट्यात रोवली होती. तुम्ही गेलात आणि मी रोज संध्याकाळी पातळाची चिंधी फाडायची, त्या मेखेला गुंडाळायची आणि दातओठ खाऊन आवळायची. तंग आवळतात तशी. तुमचा गळा समजून आवळायची. त्याने मला झोप लागायची. एकदा आष्टीकडच्या एका बाईने मला हे करताना पाहिलं. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत जातो म्हणून गेला तो गेलाच होता. नारायणगडाला नवस बोलून बोलून ती थकली होती.

"हे काय करतीस गं बाई?"

"धनी परत यावा म्हणून तंग आवळते," मी आपली थट्टेत बोलले.

तिने तिथल्या तिथे पदर फाडला आणि आवळला. पंधरा दिवसांत तिचा नवरा डोक्यावर ट्रंक घेऊन दारात हजर. झालं. तिने आपल्या जावेला सांगितलं, जावेने माहेरी सांगितलं. आता मेख दिसतच नाही, नुसता चिंध्यांचा गोळा दिसतो. परभणीहून बाया येतात, बार्शीहून येतात. "बाबा, तंग आवळ," म्हणतात आणि रडतात. पळालेल्या नवऱ्यांना वळवून आणणारा देव म्हणजे तुम्ही. या मुलखात याहून मोठा विनोद झाला नसेल आणि तो मला एकटीला कळतो, हे माझं दुखणं आहे.

लोकांचे नवरे वेळेवर आले. माझा चौदा वर्षांनी निघाला, मला नको झाल्यावर.

सरकारची मोठी लढाई चालू आहे, तिकडे घोड्यांबरोबर मोतद्दारांची भरती आहे म्हणतात. जा. एकदाचे खरे मरा, म्हणजे माझा पाट, भावकीचा पुतळा, आत्याबाईंचा ओटा सगळं जागच्या जागी बसेल.

केसर

मोमिनाबाद, पौष शुद्ध द्वादशी, शके १८३८

बंकटराव यांस,

आज कैलासवासी लिहिलं नाही, कारण आज जिवंत माणसाकडे काम आहे.

तुम्ही हट्ट सोडत नाही. संक्रांत झाली की लेकराच्या दगडासाठी येणारच, भावकी मारो की तारो, असं लिहिता. तर मग ऐका. तो दगड पादरीणबाईंच्या कुत्र्याचा आहे. पांढरा, आखूड पायांचा, माणसांना चावायचा तो. मी खोटं लिहिलं नव्हतं. ओळीच्या टोकाला दगड आहे एवढंच लिहिलं होतं, बाकीचं तुम्ही समजून घेतलंत. पावसाळ्यापासून तुम्ही एका कुत्र्यासाठी रडता आहात. दादा, हसू येत असेल तर हसून घ्या आणि मग पुढचं वाचा.

मुलगी झाली. जिवंत आहे. भिवरा नाव ठेवलं. चौदावं लागलंय. नाक तुमचं आहे, त्याला माझा इलाज नाही. बाजाराच्या दिवशी टांग्याचं घोडं दिसलं की सरळ जाऊन त्याच्या तोंडात हात घालते आणि घोडं तिला चावत नाही. ते पाहिलं की मी तिला हाताला धरून ओढून आणते.

तुम्ही लेकरू मेलं समजून गप्प बसाल असं मला वाटलं होतं. तिथे माझा अंदाज चुकला. मेलेल्या लेकराची तुम्हाला इतकी ओढ असेल हे मला कसं कळावं? जिवंत असलेलं पोटात टाकून गेला होतात.

आता खरं कारण सांगते. गेवराईचे अर्जुनराव, मोठे जमीनदार, गोदावरीकाठची काळी जमीन. त्यांच्या थोरल्या लेकीला नवऱ्याने टाकलं होतं. तिने इथे येऊन चिंधी आवळली आणि जावई परत आला. तेव्हापासून अर्जुनरावांनी मनात घेतलं की मोतद्दारबाबाची लेक सून करून घरात आणायची. आपण होऊन विचारायला आले. हुंडा नको, काही नको म्हणाले. कबरस्तानच्या चौकीदाराची पोर, जिला इथले लोक भुताच्या घरची म्हणून पाणी द्यायला कचरतात, ती त्या घरात जाणार आहे. वैशाखातली तिथी धरली आहे.

तुम्ही आलात की काय होईल ते सांगायला हवं का? देवाची लेक एका दिवसात दारुड्या पळपुट्याची लेक होईल. जिच्या आईचे दोन नवरे जिवंत आहेत अशी पोर होईल. सटवा कोणाचाच राहणार नाही. अर्जुनराव भला माणूस आहे, पण तो देवाचा व्याही व्हायला आला आहे, तुमचा नाही. आणि मोडल्या लग्नाच्या पोरीला इकडे कोण विचारतं ते तुम्हाला माहीत आहे.

लग्न झालं तेव्हापासून मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. लुगडं मागितलं नाही, माहेरी धाडा म्हटलं नाही. आज मागते. हात जोडून मागते आणि हात जोडावे लागतात म्हणून मला तुमचा आणखी राग येतो. तरी मागते.

मेलेले राहा.

केसर

मोमिनाबाद, चैत्र शुद्ध दशमी, शके १८३९

बंकटराव यांस,

'लांबून बघीन. बोलणार न्हाई. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या की जाईन.' हे तुमचं उत्तर.

लांबून बघणं तुम्हाला छान जमतं. तसंच बघा, पुण्याहून.

दादा, आता मी तुमच्याशी बोलते. तुम्ही भले गृहस्थ आहात, या माणसाचं पत्र फुकट लिहिता. लग्नाच्या आठवड्यात याला तबेल्यात अडकवून ठेवा. काही सुचलं नाही तर शिंदी पाजा. ज्या दिवशी प्यायची नव्हती त्या दिवशी हा प्याला, आता प्यायच्या दिवशी तरी पिऊ दे.

आत्याबाईंचं तुम्ही विचारलंत. त्यांना आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तुमच्या पत्रांचं मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुमच्या भावालाही नाही. आत्याबाई दिवसभर ओट्याशी बसतात आणि येईल त्याच्या ओंजळीत हरभरे घालतात. बाया त्यांच्या पाया पडतात, देवाची आई म्हणून. नवरा गेला, डोळे गेले, म्हातारीकडे एवढंच राहिलं आहे. तेही काढून घ्यायला येणार असाल तर या.

आणि आलातच तर डावा हात धडपात गुंडाळून ठेवा. साहेबाच्या घोड्याने तुमची करंगळी तोडली होती ती गोष्ट बायांनी गाण्यात घातली आहे. घोडा उपाशी होता म्हणून मोतद्दाराने त्याला आपलं बोट दिलं, असं जात्यावर गातात. तुटक्या करंगळीचा माणूस इथे लपत नाही.

केसर

मोमिनाबाद, ज्येष्ठ वद्य तृतीया, शके १८३९

कैलासवासी बंकटराव यांस,

तुम्ही आलात. दादांनी अडवलं नाही की तुम्ही ऐकलं नाही, ते तुमचं तुम्ही जाणा.

जे तुमच्या डोळ्यांसमोर झालं ते तुम्हाला पुन्हा कशाला सांगायचं, पण मी ते दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे. तुम्ही पाठ फिरवल्यावर जे झालं ते तर तुम्हाला ठाऊकच नाही. म्हणून लिहिते.

लग्न लागल्यावर, गेवराईला निघण्याआधी अर्जुनरावांनी हौसेने नवरानवरीला ओट्याच्या दर्शनाला आणलं. वाजंत्री, आबदागिरी, नवरदेव घोड्यावर. मी कबरस्तानच्या दाराशी ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. भिंतीकडेला मागणाऱ्यांची ओळ बसली होती, त्यात तुम्ही दिसलात. दाढी वाढवली होतीत. पण घोडा समोर आला की मान एका बाजूला टाकून त्याचे पाय बघायची तुमची खोड मला आंधळी असते तरी कळली असती. मी ताट तोंडापुढे धरलं. शेजारची म्हणाली, लेक जाते म्हणून आई तोंड लपवते.

भिवरा ओट्यापुढे वाकली. तुम्ही मागे होतात आणि तिची तुमच्याकडे पाठ होती. तिने दगडाला डोकं टेकवलं, हरभरे वाहिले आणि "बाबा, येते मी," म्हणाली. दगडाला म्हणाली. तुम्ही ऐकलंत, मला दिसलं. त्या वेळी मला बरं वाटलं, हे लपवत नाही. म्हटलं, भोगा.

मग वाजंत्र्यांनी ढोल बडवला आणि नवरदेवाचा घोडा बुजला. मागचे पाय झाडायला लागला. सगळे मागे सरले, आणि तुम्ही ओळीतून उठून सरळ घोड्याकडे गेलात. तोंडाने तो चुचकारा केलात. घोडा थांबला. तुम्ही खाली वाकून त्याच्या पोटाखाली हात घातलात. अर्जुनरावांचा माणूस धावून आला.

"ए बे, सरक मागं! घोड्याला हात कावून लावतोस?"

"तंग ढिला हाय मालक," तुम्ही म्हणालात.

आणि आवळलात. गुडघा घोड्याच्या बरगडीला टेकवून, श्वास सोडायला लावून, पट्टा एक घर पुढे. चौदा वर्षांनी आवळलात. त्या माणसाने तुम्हाला धक्का दिला, पाठीत बुक्की घातली आणि तुम्ही पुन्हा ओळीकडे निघालात. मी हलले नाही. ताट धरून उभी राहिले.

तेवढ्यात ओट्यापासून आत्याबाईंचा आवाज आला.

"कोन बोललं ते, तंग ढिला हाय म्हून? इकडं ये बाबा. हरभरे घे."

तुम्ही गेलात. जायला नको होतं, पण गेलात, आणि उजवा हात पुढे करायचा तर डावा केलात. आत्याबाईंनी ओंजळ रिकामी केली आणि तुमचा हात सोडला नाही. त्यांची बोटं तुमच्या बोटांवरून फिरली, करंगळीच्या खुंटावर थांबली. तिथेच राहिली. भिवरा घोड्यामागच्या डोलीत बसत होती, अर्जुनराव चार हातांवर उभे होते. म्हातारीने एक हाक मारली असती तर सगळं संपलं असतं.

"मोतद्दार हायस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"माझा ल्योक बी मोतद्दार होता. लई इमानी. साहेबासंगं गेला त्यो." हे त्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तू कोन गावचा?"

"लांबचा हाय, आई."

"लांबचा हायस, तर लांब जा. इथं थांबू नगंस. वरात हलायच्या आत जा."

आणि तुमची मूठ त्यांनी आपल्या हाताने मिटली, आत हरभरे होते ते सांडू नयेत म्हणून.

तुम्ही गेलात. वळून पाहिलं नाहीत ते बरं केलंत. माझ्याकडेही पाहिलं नाहीत. त्या घटकेला मला तुमची दया आली, बंकटराव. इतके दिवस जपलेल्या रागातून अशी मधेच दया निघावी याची मला लाज वाटली, पण आली ती आली. तरी मी तुम्हाला हाक मारली नाही आणि आज तसाच प्रसंग आला तर आजही मारणार नाही.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं.

वरात गेली, माणसं पांगली. आत्याबाई जागच्या उठल्या नाहीत. ज्या हाताने तुमचा हात धरला होता तो त्यांनी नाकाशी नेला. घोड्याचा वास होता त्याला. रात्रीची भाकरी त्यांनी डाव्या हाताने खाल्ली, उजवा धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी आपल्या लुगड्याचा काठ दातांनी फाडला, चाचपत मेखेशी गेल्या आणि चिंधी बांधली. चौदा वर्षांत त्यांनी एकदाही बांधली नव्हती. कशाला बांधतील? त्यांचा मुलगा पळालाच नव्हता, तो देव झाला होता. भुईने पोटात घेतला असं ओरडल्या तेव्हा त्या वेड्या होत्या की शहाण्या, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. त्या चिंधीने कळलं, शहाण्या होत्या. मामंजींनी त्यांचं बोलणं उगाच धरून ठेवलं नव्हतं.

"कावून बांधता आत्याबाई?" मी विचारलं.

"लोकाच्या लेकरासाठी," त्या म्हणाल्या. "असंल कुनाचं तरी."

तेव्हापासून रोज बांधतात. एक दिवस चुकवत नाहीत.

काल दादांचं पत्र आलं. तुम्ही भरतीत नाव दिलंत, घोड्यांच्या बोटीवरून लढाईवर बसऱ्याला जाणार आहात, बोट लवकरच सुटेल, असं लिहिलं आहे. तुम्ही काही निरोप सांगितला नाही असंही लिहिलं आहे. दादा, बोट सुटायच्या आत हे पोचलं तर वाचून दाखवा. पोचलं नाही तर ठेवून देऊ नका, चुलीत घाला.

जा असं मीच म्हणाले होते. शब्द माघारी घेत नाही. भिवरा सुखात आहे. गेवराईहून सांगावा आला, सासरा तिला घोड्यावर बसू देतो म्हणून. सटवा मुंजाजींना बाबा म्हणायला लागला आहे. तुम्ही परत आलात तर यातलं काहीही उरणार नाही आणि त्या मेखेवर माझा विश्वास नाही असं आता मला म्हणता येत नाही. लोकांचे नवरे तिने आणले, तुम्हालाही तिनेच इथवर ओढून आणलं.

म्हणून आत्याबाई संध्याकाळी चिंधी बांधतात आणि सकाळी गवत कापायला गेले की मी ती सोडते. त्यांना दिसत नाही. त्यांची गाठ दिवसेंदिवस घट्ट होत चालली आहे, म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून येतो कळत नाही. कालची मला दातांनी सोडवावी लागली.

केसर